नवसाच्या कोंबड्याचा पाय

लाटंबार्श्याच्या सुभद्राकाकींचं उजव्या हाताचं बोट काजूच्या तेलानं गेलं, असं त्यांच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, सगळे धरून चालतात. ते खरं नाही. ते बोट माझ्या एका वाक्यामुळे गेलं. ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही, दवाखान्यात बरोबर काम करणाऱ्यांना नाही, डॉक्टरसाहेबांना तर नाहीच. यंदाच्या मे महिन्यापर्यंत ती माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हती, निदान मी तसं समजत होतो.

मला या अंकासाठी ‘गोरवांच्या (गुरांच्या) दवाखान्यातल्या गमती’ लिहायला सांगितल्या होत्या. गमती आहेत, दोन-तीन सांगतोही. पण लिहायला बसलो की प्रत्येक गमतीच्या शेवटी लाटंबार्श्याच्या त्या घराचा सोपा, म्हणजे ओसरी, दिसायला लागतो. म्हणून म्हटलं, एकदा तेच लिहावं.

मी डॉक्टर नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात सहाय्यक आहे. गाय धरणं, डॉक्टर सांगतील ते इंजेक्शन देणं, जखमा धुणं, लशीचा डबा खांद्याला लावून गावोगाव फिरणं ही माझी कामं. तरी डिचोली आणि पेडणे या दोन्ही तालुक्यांत लोक मला ‘दोतोर’ म्हणतात. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो. मग कंटाळलो. मग ते आवडायला लागलं. बिघाड तिथूनच सुरू झाला असावा.

आमच्याकडे आजारी जनावरांतही मोठा-लहान भेद असतो. गाय आजारी पडली तर घरातला पुरुष फोन करतो, गाडी पाठवतो. कोंबडी आजारी पडली तर घरातली बाई वाट बघते, की मी दुसऱ्या कोणाच्या गाईसाठी कधी येतोय. मग मी मोटरसायकल वळवत असताना ती मागच्या दारानं कोंबडी काखेत धरून येते आणि अपराधी आवाजात म्हणते, “जरा हिका बघशी?” कोंबडीसाठी दोतोराला अडवलं म्हणून घरचे हसतील, ही भीती. पण त्या पाच-सहा कोंबड्या तिच्या स्वतःच्या असतात. घरातली बाकी कुठलीच वस्तू तशी नसते.

आणि अशी काखेतून आलेली कोंबडी बहुतेक वेळा लंगडत असते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कोंबडीच्या पायाला काय होणार? कोंबडी दिवसभर पायावरच जगते. उकरते पायानं, झोपते पायावर. तिच्या तळव्याला मधोमध एक मऊ गादी असते. खडा टोचला, काटा गेला, उंचावरून कठीण जमिनीवर उडी पडली, की त्या गादीला बारीक चीर जाते. खुराडं ओलं असेल, विष्ठा साचलेली असेल, तर त्या चिरेतून जंतू आत शिरतात. वरून जखम बुजल्यासारखी दिसते आणि आत पू साठतो. कोंबडीचा पू आपल्यासारखा वाहत नाही, घट्ट होतो, मक्याच्या दाण्यासारखी गाठ बनते. वर काळी खपली बसते. काळी खपली आणि सुजलेला तळवा दिसला की समजायचं.

लवकर सापडलं तर उपाय सोपा आहे. कोंबडीला तुवालात गुंडाळून डोळे झाकायचे, म्हणजे ती शांत राहते. कोमट मिठाच्या पाण्यात पाय धरायचा, खपली मऊ झाली की जखम स्वच्छ करायची, आयोडिनचं मलम लावून पट्टी बांधायची आणि पट्टी सुकी ठेवायची. गाठ खोल गेली असेल तर ती डॉक्टरांनीच काढावी. पातं घेऊन घरी खेळ करू नये. औषध सुरू असेपर्यंत अंडी खायची की नाही तेही डॉक्टरांना विचारावं. बाकी सगळं पथ्य खुराड्याचं. बसायची दांडी रुंद हवी, कडा घासून गोल केलेली, आणि फार उंच नको. खाली भाताचं तूस सुकं असेल तितके दिवस ठेवायचं, ओलं झालं की बदलायचं. आणि महिन्यातून एकदा प्रत्येक कोंबडीचा पाय उलटा करून बघायचा. एवढं केलं तर माझी गरज पडत नाही.

हे सांगायला सोपं आहे. पटवायला सोपं नाही.

पाळीला एक गृहस्थ होते. खाणपट्ट्यातलं गाव. त्यांच्या दहा-बारा कोंबड्या एकापाठोपाठ एक लंगडायला लागल्या. मी गेलो तर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि शेजारच्या घराकडे डोळ्यांनी खूण केली.

“दोतोर, औषध देऊ नकास. ह्या औषधाचा नाय. तेणी काय तरी केलां.”

“काय केलं?”

“ता तुमका कळूचा नाय.”

मी खाली बघितलं. अंगणभर नवीन खडी पसरलेली, खाणीतल्या टाकाऊ दगडाची, धारदार. पावसात चिखल होतो म्हणून त्यांनी स्वतःच हौसेनं दोन टिपर ओतून घेतली होती. मी म्हटलं, “बाब, चपला काढून ह्या अंगणात एक फेरी मारा.” त्यांनी मारली नाही. पण पुढच्या खेपेला गेलो तर खुराड्याभोवती मातीचा थर टाकलेला होता आणि कोंबड्या बऱ्या चालत होत्या. शेजाऱ्याशी मात्र ते त्यानंतरही बोलत नव्हते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “तेचा काय ना काय आसतलाच.”

दुसरे तेरेखोलचे. जन्मभर जहाजावर काम करून घरी आलेले. फेरीबोटीनं नदी ओलांडून मी त्यांच्याकडे गेलो तर त्यांनी आधी खुराडं दाखवलं. लोखंडी पाईपच्या दांड्या, खाली तारेची जाळी, सगळं रंगवलेलं, जहाजाच्या डेकसारखं चकचकीत. कोंबड्या मात्र कोपऱ्यात एका पायावर.

“पाईप काढा, लाकूड घाला,” मी म्हटलं. “जाळीवर फळी टाका, त्यावर तूस.”

“लाकूड कुजता.”

“पाईपवर पाय कुजतात.”

त्यांनी रंगवलेल्या पाईपवरून हात फिरवला. “माझ्या कप्तानाक असां कोण बोल्लो आसतो तर तेका पुढच्या बंदरात उतरयलो आसतो,” म्हणाले, आणि सुतार बोलावला.

असं लोकांना हसत हसत वळवणं मला जमायचं. त्याचा मला गर्व होता. अजून थोडा आहे. म्हणून ज्या दिवशी ते जमवायची घाई केली तो दिवस जास्त बोचतो.

सुभद्राकाकींचं घर लाटंबार्श्याला, काजूच्या डोंगराच्या पायथ्याशी. काकी साठीच्या पुढे, विधवा, अंगानं बारीक, साखरेचा आजार. मुलगा दामू खाणीवर टिपर चालवायचा. खाणी बंद झाल्या आणि तो घरी बसला. तेव्हा काकींनी गावच्या राखणदाराला नवस बोलला की पोराला काम मिळालं तर तांबडा कोंबडा देईन. राखणदार म्हणजे गावाची वेस सांभाळणारा देव, त्याला लोक शब्द देतात तो पाळतात. दामूला बसवर ड्रायव्हर म्हणून काम मिळालं. काकींनी एक तांबडं पिल्लू निवडलं आणि वाढवलं. काजूचा हंगाम आटोपला की द्यायचा असं ठरलेलं.

देवाच्या कोंबड्याला खोट चालत नाही. पीस तुटलेलं नको, डोळा अधू नको, लंगडा तर नकोच. आणि हा कोंबडा, फणसाच्या झाडावरून दगडी पायरीवर उड्या मारून मारून, हंगामाच्या मध्यावर लंगडायला लागला.

मी कोणाची तरी म्हैस बघायला गेलो होतो. काकी रस्त्यावरच उभ्या.

“पुता, लंगडो कोंबो राखणदाराक कसो देऊ? दुसरो दिलो तर तो म्हणतलो, म्हातारेन फसयलां.”

घरी सून होती, वैशाली. चंदगडकडची, लग्न होऊन तीनेक वर्षं झालेली. तिनं अंगणात दगडांच्या चुलीवर काजूच्या बिया भाजायला घातल्या होत्या. हे काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बीच्या टरफलात तेल असतं, ते कातडीला लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात. बिया आगीवर भाजल्या की तेल जळतं, मग लाकडी दांडक्यानं फोडून गर काढायचा. तरी थोडं तेल राहतंच. म्हणून फोडणाऱ्या बायका हाताला राख फासतात. हंगामात कोणत्याही बाईची बोटं बघा, काळी, सोललेली, चिरलेली. काकींची तशीच होती. त्या दिवशी त्या चिरांकडे मीही बघितलं होतं, हे मला कबूल करायला हवं.

कोंबडा वैशालीनं धरला. चांगला धरला, पंख दाबून, डोक्यावर पदर टाकून. मी हातमोजे घातले, पाय भिजवला, खपली काढली. गाठ उथळ होती, पण पू बराच निघाला. डॉक्टरसाहेबांना फोन लावला, त्यांनी मलम आणि औषध सांगितलं. पट्टी बांधली. आता ती पट्टी रोज सोडून, जखम धुऊन, नवी बांधायला हवी होती. मी रोज येणं शक्य नव्हतं. काकी म्हणाल्या, “मिया करीन. माझो नवस, माझे हात.”

तेव्हा वैशाली म्हणाली, “आत्याबाईंच्या बोटांस्नी चिरा हाईत सगळ्या. त्यास्नी पण असले मोजे द्या की.”

माझ्या बॅगेत हातमोज्यांचा एकच जोड उरला होता. त्या दिवसांत दवाखान्यात साठा कमी होता, आणि मला संध्याकाळी एका गाभण गाईकडे जायचं होतं. एवढंच कारण असतं तर मी सांगू शकलो असतो, ‘मोजे नाहीत, पण प्लास्टिकची पिशवी तरी हाताला बांधा, आणि नंतर साबणानं धुवा.’ पोदेर, म्हणजे पाववाला, पाव देतो ती पिशवीसुद्धा चालली असती. पण कालची आलेली पोरगी दोतोराला काम शिकवते, असं काहीतरी माझ्या मनात आलं. मी हसलो आणि म्हणालो,

“काय होत नाही. कोंबड्याचं माणसाला लागत नाही.”

हे खोटं होतं. कोंबडीच्या पायात जे जंतू पू करतात ते माणसाच्या उघड्या जखमेतही करतात. आमच्या प्रशिक्षणात हे सांगितलेलं होतं. डॉक्टरसाहेब दर दोन-तीन महिन्यांनी आठवण करायचे. मी स्वतः मोजे घालून बसलो होतो.

काकी सुनेला म्हणाल्या, “बघ, दोतोर काय म्हणता,” आणि वैशाली चुलीकडे वळली.

आठवड्यानं मी परत गेलो. कोंबडा पाय टेकत होता. मी खूश. काकींनी मला सोप्यावर बसवलं, चहा आणि उंडे, म्हणजे गोल पाव, आणले. चहाचा कप त्यांनी डाव्या हातानं पुढे केला. उजवा हात पदरात होता.

“हात दाखवा बघू.”

“काय नाय रे. काजूचा तेल लागला.”

अंगठ्याजवळचं बोट सुजून लाल झालं होतं. वर राखेचा थर, खोबरेल तेलात कालवलेला. राखेखालून पिवळं दिसत होतं. भाजल्याचा फोड तसा नसतो. मी नोकरीत नवखा पोरगा नव्हतो तेव्हा, पू कसा दिसतो ते मला कळत होतं. आणि तो कुठून आला असेल तेही.

मी म्हटलं, “काकी, हे डॉक्टरला दाखवा. आजच.”

एवढंच म्हटलं. ‘डॉक्टरला सांगा, कोंबड्याच्या पायाचा पू हाताळला होता,’ हे पुढचं वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं. ते बोललो असतो तर आठवडाभरापूर्वीचं वाक्य मागे घ्यावं लागलं असतं, तेही वैशालीसमोर. मी चहा प्यायलो आणि उठलो.

काकी त्या दिवशी गेल्या नाहीत. बिया फोडायच्या राहिल्या होत्या. गेल्या तेव्हा बोटातला पू हाडापर्यंत गेला होता, त्यात साखर वाढलेली. कशानं झालं, असं विचारल्यावर त्यांनी काजूचं तेल सांगितलं. मोठ्या इस्पितळात पाठवलं. बोट मधल्या सांध्यापासून काढावं लागलं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहितो. असे जंतू माणसाच्या स्वतःच्या कातडीवरही असतात. काकींच्या बोटात कोंबड्याचाच जंतू गेला, असं छातीठोक आज कोणीच सांगू शकणार नाही. हे वाक्य शास्त्रानं बरोबर आहे. मी या बरोबर वाक्याच्या आडोशाला सहा-सात वर्षं बसून आहे.

काकी घरी आल्यावर मी भेटायला गेलो. सोप्यावर माणसं होती. दामू, वाड्यावरच्या दोन-तीन बायका, आणि काकींची मोठी जाऊ, तिला सगळे आकाबाय म्हणतात. मला कदेल दिली, म्हणजे खुर्ची, आणि बाकी सगळे जमिनीवर. आकाबाय बोलत होती.

“बिया कच्च्यो भाजल्यो. तेल जळाक नाय. घाटावरच्यांका काजू काय ठाव?”

वैशाली दारात उभी होती. ती म्हणाली, “आमच्या चंदगडात पण काजूच हाय की. मी लहानपणापासनं भाजतोय.”

“भाजतंस म्हणून सासवेचा बोट गेला,” आकाबाय म्हणाली.

दामूनं मान खाली घातली. काकी आपल्या पट्टीकडे बघत होत्या, त्या हळूच म्हणाल्या, “जाऊंदे. तिका तरी काय म्हणू. पण माका तेव्हाच दिसलेला, बिया काळ्यो झाल्यो नाय.”

वैशालीनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. आता बोलायची पाळी ज्याची आहे त्याच्याकडे बघतात, तसं. मोज्यांचं तिनंच विचारलं होतं, आणि ते ऐकणारे त्या दिवशी आम्ही तिघंच होतो.

मी उंड्याचा तुकडा मोडून चहात बुडवला.

ती आत गेली.

कोंबडा पूर्ण बरा झाला. राखणदाराला दिला तेव्हा सरळ चालत गेला, असं काकी मला अजून कौतुकानं सांगतात. माझं औषध लागू पडलं म्हणून त्या वाड्यावर माझं नाव झालं. पेडण्याहून कोणीतरी चौकशी करत आलं, पायाच्या गाठी काढणारा दोतोर कुठला.

मी बदललो, पण आडून. तेव्हापासून मी कोणाच्याही घरी कोंबडीची पट्टी शिकवतो तेव्हा आधी हात बघतो. चीर असेल तर त्या माणसाला पट्टी बांधू देत नाही. मोजे नसले तर पावाची पिशवी बांधायला लावतो, नंतर साबण, आणि जखमेचा कापूस चुलीत. लोक चिडवतात, “दोतोराक म्हातारपणात किळस येवूक लागली.” मी हसून घेतो. बॅगेत मोज्यांचे जोड स्वतःच्या खर्चानं ठेवतो. यातलं काहीच प्रायश्चित्त नाही. हे मला आधीच करायचं होतं, नोकरी म्हणून.

वैशालीचं काय झालं, ते मी लशीच्या फेऱ्यांमधून तुकड्यातुकड्यानं बघत आलो. तिनं काजू भाजणं सोडलं. हंगामात वाड्यावरच्या बायका एकत्र बसतात, एकमेकींच्या बिया फोडतात, चेष्टा-मस्करी होते, त्यात ती नसते. लग्नकार्याच्या घरी तिला भांड्यांवर बसवतात, चुलीवर नाही. काकींना ती रोज आंबाडा बांधून देते, कारण नऊ बोटांनी तो नीट बसत नाही, आणि बांधता बांधता काकी बोलतात. “ओढू नको. आधीच एक बोट घालयलंस.” हे मी स्वतः ऐकलं आहे. आता ती औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पॅकिंगला जाते. कोंबड्या मात्र तिनंच ठेवल्या आहेत. खुराडं बघण्यासारखं आहे. रुंद फळी, गुडघ्याएवढ्या उंचीवर, खाली सुकं तूस. त्या घरात मला नंतर एकही लंगडी कोंबडी सापडलेली नाही.

गेल्या वर्षी लस द्यायला गेलो होतो. शेजारची एक मुलगी मला कोंबडी धरून देत होती, तिच्या तळहाताला ओरखडा होता. मी सवयीनं म्हटलं, “थांब, आधी मोजे घाल.” वैशाली पाण्याची बाल्दी घेऊन मागे उभी होती. ती म्हणाली,

“आता सगळ्यास्नी देता तुम्ही मोजे.”

मी म्हटलं, “हो. नियम आहे.”

“आधीपण नियम असंल की.”

बाल्दी ठेवून ती गेली. पाण्याला हात लावायला मला बराच वेळ लागला.

म्हणून यंदा मे महिन्यात मी लाटंबार्श्याला गेलो. वैशाली कामावर असते ती वेळ धरून गेलो, हेही लिहायला हवं. आधी काकींना सांगू, मग त्याच तिला सांगतील, असा माझा हिशेब होता. अजूनही दुसऱ्यानं सांगावं अशीच सोय बघत होतो.

काकी सोप्यावर आमसुलं वाळत घालत होत्या. मी सगळं सांगितलं. मोज्यांचं, वैशालीनं विचारलेलं, मी काय बोललो ते, राखेखाली काय दिसलं ते. मध्ये थांबलो नाही. काकी ऐकत ऐकत एकेक आमसूल उलटत होत्या.

मग म्हणाल्या, “तिणा विचारलेला, माका आठवता.”

“हो.”

“आणि मिया म्हटलंय, दोतोर काय म्हणता ता बघ.”

“हो काकी.”

त्यांनी आणखी एक आमसूल उलटलं. मला वाटलं आता शिव्या देतील. मी त्याच ऐकायला गेलो होतो म्हणा.

“तुझेर राग करून काय करू, पुता? बोट काय परत येता?” त्या म्हणाल्या. मग हात थांबवून माझ्याकडे बघितलं. “पण तिका सांगू नको.”

“काकी, तिला सांगायलाच तर...”

“नको म्हणतंय मा. मिया तिका काय काय बोल्लंय, तुका ठाव नाय. आयबापूस काढलंय तिचे. पोर पडला तिचा, तेव्हासुदीक बोल्लंय.” त्यांचा आवाज अगदी लहान झाला. “ती माका रोज जेवण वाढता रे. आता ह्या वयात तिच्या तोंडाकडे कसा बघू? माझ्यापुरता जाऊंदे. मी मेल्यार सांग.”

मी मान हलवली. हो म्हटलं असं नाही, पण मान हलवली. निघताना त्यांनी काजूगरांची पिशवी दिली आणि मी ती घेतली.

त्यानंतर गणपतीच्या आधी, दोडामार्गच्या रस्त्याला वैशाली बसची वाट बघत उभी दिसली. मी मोटरसायकल थांबवली. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. तिनंच सुरुवात केली.

“दादा, तुम्ही मे महिन्यात घरी आला हुता म्हणं.”

“आलो होतो.”

“आत्याबाईंस्नी काय झालंय का? तुमास्नी काय बोलल्या?”

“का गं?”

“तवापासनं मला काय बोलत न्हाईत. आंबाडा बांधताना गप बसत्यात. परवा तर म्हणाल्या, तू आधी जेव.” ती हसली नाही, तिला खरंच काळजी वाटत होती. “साखर वाढली की माणूस असं करतंय का? मला भ्या वाटतंय. ह्यास्नी म्हटलं दवाखान्यात नेऊया, तर हे म्हणत्यात, गप बसलीया तर बसू दे की.”

माझ्या समोर दोन माणसं होती. एक म्हातारी, जी तिच्या परीनं, न बोलता, फेडायला लागली होती आणि मला गप्प राहायला सांगून बसली होती. आणि एक ही, जिला सासूचं चांगलं वागणंही आजार वाटत होता, कारण त्याचं कारण तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. मी खरं बोललो तर म्हातारी उघडी पडते. नाही बोललो तर वैशालीवरचा आळ वाड्यावर तसाच राहतो; सासू गप्प बसली म्हणून आकाबाय गप्प बसत नाही. हा पेच काकींनी किंवा वैशालीनं घातलेला नाही. तो मी घातला, हसत हसत, मोजे घातलेल्या हातांनी.

“वय झालं त्यांचं,” मी म्हटलं.

बस आली आणि ती गेली.

संपादकांनी मजकूर मागितला तेव्हा मी हेच लिहायला घेतलं, कारण लिहिताना कोणी समोर नसतं. नावं बदलली आहेत, पण वाड्यावर कोणी हा अंक वाचला तर ओळखायला नावं लागणार नाहीत. तसं ओळखून कोणीतरी वैशालीला सांगावं, ही पुन्हा माझी पळवाट झाली असती. म्हणून हे पान छापखान्यात जायच्या आधी मी काकींकडे जाऊन आलो आणि सांगितलं की मला तुमचं ऐकता येणार नाही. तुम्ही काय काय बोललात ते मी बोलणार नाही, ते तुमचं आणि तिचं. मी माझं तेवढं सांगणार. त्या रडल्या. हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत.

वैशालीला रविवारी सुट्टी असते, त्या दिवशी जायचं आहे. काकींचं बोट मी देऊ शकत नाही, आणि त्या घरात तिला जे ऐकावं लागलं तेही परत घेता येत नाही. पण तिनं बिया नीट भाजल्या होत्या आणि मोजे तिनंच मागितले होते, हे मला तिला, दामू, आकाबाय व वाड्यावरच्या त्या बायकांसमोर, त्याच सोप्यावर बसून सांगायला हवं. ते मी अजून सांगितलेलं नाही.